खांबदेवाची उंची

खांबदेव हा मुळात देव नव्हताच. १९०७ साली एका इंग्रज आरमारी जहाजावरचा मोजणीसाहेब पाचखडकातल्या मोठ्या बेटावर उतरला, तिथल्या सगळ्यात टणक जागी त्याने एक काळा दगडी खांब पुरला आणि भरतीचं पाणी या खांबाच्या माथ्यापासून किती खाली राहतं ते सहा महिने रोज वहीत लिहिलं. मालवण-देवगडकडून नारळाच्या बागांत कामाला नेलेली आपली माणसं हे बघत होती. साहेब रोज सकाळी खांबापुढे गुडघे टेकायचा, एक डोळा मिटून त्याच्याकडे टक लावायचा आणि मग समुद्राकडे बघून काहीतरी पुटपुटायचा. लोकांनी सरळ अंदाज बांधला की हा साहेबाचा देव आहे आणि समुद्राला आवरून धरणं हे याचं काम आहे. साहेब गेल्यावर देवाची आबाळ नको म्हणून कुणा कुबलाने खांबाला तेल-शेंदूर लावला, नारळ फोडला, आणि तेव्हापासून पूजा कुबलांच्याच घरात राहिली.

हेमांगी कुबल त्याच घरातली. तिचा धाकटा भाऊ अनंता देवाची पूजा करायचा आणि ती त्याच्या नेमकी उलट दिशेला गेली होती. सतराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर शेजारच्या तोरेमा देशात शिकायला गेली आणि भूमापनशास्त्रज्ञ झाली. जमीन किती खचते, समुद्र किती चढतो, हे मोजण्यात तिची तीस वर्षं गेली. परत आली ती पाचखडक स्वतंत्र झालं म्हणून.

स्वतंत्र झालं म्हणजे काय, तर ज्या दूरच्या देशाचं इथे राज्य होतं त्याने एके दिवशी झेंडा उतरवला, आपले कारभारी विमानात घातले आणि हात झटकले. मागे राहिली पाच बेटं आणि साडेचार हजार माणसं. त्यांनी शाळेच्या विश्राम मास्तरांना अध्यक्ष निवडलं, घटना लिहिली, पासपोर्टसुद्धा छापले. पण अकरा महिने झाले तरी एकाही देशाने मान्यता दिली नव्हती. सगळे तोरेमाकडे बोट दाखवत होते. शेजारी काय म्हणतो ते बघू, मग आम्ही आहोतच, असा सगळ्यांचा सूर होता.

मान्यता नसली की काय होतं ते हेमांगीला घरातच कळलं होतं. तिचे वडील तोरेमाच्या इस्पितळात वारले, तेव्हा दाखल्यावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ मारली होती. प्रेत कुठल्या देशाला पाठवायचं हे कागदोपत्री ठरेना. सव्वीस दिवस ते शीतगृहात पडून होतं आणि हेमांगी रोज एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत फिरत होती. ती आडवी रेघ तिच्या मनातून कधीच पुसली गेली नाही.

तोरेमाचं म्हणणं अगदीच वाईट नव्हतं. वीस वर्षांपूर्वी काही देशांनी बुडत्या बेटांना मान्यता देऊन त्यांचे मासेमारीचे हक्क गिळले होते. बेटं बुडाली, माणसं वाऱ्यावर. तेव्हापासून एक करार झाला होता, त्याला लोक भरतीचा करार म्हणत. जी जमीन आणखी शंभर वर्षं भरतीच्या वर राहील, तिलाच देश म्हणून मान्यता द्यायची. नाही राहणार, तर देश नाही, पण मग तिथल्या माणसांना सामावून घेणं शेजाऱ्यावर बंधनकारक. तोरेमाने त्यासाठी स्थलांतराची यादी उघडलीही होती. सहाशे बारा माणसांनी नावं नोंदवली होती. मान्यता मिळाली की तिसाव्या दिवशी एक बोट येणार, यादीतल्या ज्यांना जायचं त्यांना घेऊन जाणार आणि यादी कायमची बंद होणार, असा नियम होता.

शंभर वर्षांचं भाकीत करायचं काम 'समुद्रवेध' नावाच्या यंत्रणेकडे होतं. उपग्रहांना समुद्राची आजची पातळी केसाइतक्या बारकाईने कळते. पण प्रवाळाची बेटं लहरी असतात. वीस वर्षं स्थिर राहतील, पुढची तीस वर्षं खचतील. उपग्रहांच्या नोंदी पाऊणशे वर्षांच्या आतल्या, तेवढ्यात बेटाचा स्वभाव कळत नाही. त्यासाठी जुनं माप लागतं. साहेबाच्या वहीत खांबाचा माथा भरतीच्या पाण्यापासून किती वर होता ते लिहिलेलं होतं. आज तो किती वर आहे ते मोजलं की मधल्या दीडशे वर्षांत पाणी चढून आणि जमीन खचून मिळून किती फरक पडला ते कळत होतं; जगभर पाणी किती चढलं ते ठाऊकच होतं, ते वजा केलं की जमिनीचं खचणं उरत होतं. पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून. जमीन जागच्या जागी असेल, तर प्रवाळ वाढत वाढत समुद्राची बरोबरी करतो आणि बेट तगतं. जमीन खचत असेल, तर प्रवाळाला ती बरोबरी जमत नाही.

मोजणी दोघांनी करायची होती, एक मोजणीदार इकडचा आणि एक तिकडचा. इकडून हेमांगी होती. तोरेमाकडून आला एलियास मोरो, हेमांगीचा वीस वर्षांपासूनचा सहकारी. लांबलचक हातापायांचा, हळू बोलणारा माणूस. त्याने देवळात येताना सांगण्याआधीच बूट काढले आणि तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"हा माथा दगडाचाच ना?" त्याने विचारलं.

"दगडाचाच. वर शेंदराचा लेप आहे."

"किती जाड?"

एलियासने क्ष-किरणांचं यंत्र आणलं होतं. पण शेंदरात शिसं असतं, किरण त्यातून पार होईनात. मग त्याने एक लांब सुई काढली. लेपात टोचून बघू, एवढंच त्याचं म्हणणं होतं. अनंता पुढे आला.

"देवाक सुई? ह्या जमाचां नाय हां, ताई. तू सांग त्येका."

हेमांगीने काही सांगायच्या आतच एलियासने सुई पेटीत ठेवली. तो हेमांगीकडे बघून म्हणाला, "तू इथली आहेस. तूच सांग किती असेल."

"असेल बोटभर," हेमांगी म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. लहानपणापासून तिने देव पाहिला होता तो असाच, लालभडक, गोल डोक्याचा, चांदीच्या डोळ्यांचा. शेंदूर काढून खाली काय उरतं हा विचार कुबलांच्या पोरीला सुचलाच नाही, भूमापनात पीएच.डी. केल्यावरसुद्धा नाही. एखाद्या परक्याने बोटभर हा शब्द ऐकून घेतला नसता. एलियासने अहवालात लिहिलं, 'लेपाची जाडी दीड सेंटीमीटर, स्थानिक माहितीनुसार.' समुद्रवेधाने आकडा दिला. एकशे अठरा वर्षं. त्या दिवशी पाचही बेटांवर गोडाचं जेवण झालं.

अंतिम सह्या वीस दिवसांनी व्हायच्या होत्या. सोळाव्या दिवशी दुपारी अनंताचा फोन आला.

"ताई, एकटीच ये. कोणाक सांगू नको."

देवळाचं दार त्याने आतून लावून घेतलं होतं. देवाच्या अंगावरचं शेंदराचं कवच सुटून खाली पडलं होतं. त्याचे चार मोठे तुकडे झाले होते आणि मधोमध उभा होता एक काळा, बारका दगडी खांब. त्याच्या माथ्यावर साहेबाने छिन्नीने कोरलेला बाण अगदी कालच कोरल्यासारखा स्वच्छ दिसत होता. अनंता रडकुंडीला आला होता. ऐन मान्यतेच्या वेळी कवच सुटणं म्हणजे अपशकुन, लोकांना कळलं तर काय म्हणतील, एवढीच त्याला चिंता होती.

हेमांगीने माथ्यावरचा तुकडा उचलला. तो दोन्ही हातांनीसुद्धा पेलवेना. तिने पट्टी लावली. सतरा सेंटीमीटर आणि वर चार मिलिमीटर. दीडशे वर्षांचं तेल, शेंदूर आणि कुबलांच्या पाच पिढ्यांची भक्ती.

तिथेच जमिनीवर बसून तिने समुद्रवेधात खरा आकडा घातला. आत्तापर्यंत यंत्रणेला वाटत होतं की बेट जागच्या जागी आहे. आता यंत्रणेला कळलं की ते मुंगीच्या पावलांनी खचतंय. उत्तर आलं एकेचाळीस. तिने आकडा पुन्हा घातला. पुन्हा एकेचाळीस.

"काय झालां?" अनंताने विचारलं.

तिने सांगितलं. अनंताने पडलेल्या तुकड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "सुटलेला कवच समुद्रात सोडूचा असता. तशीच रीत आसा."

रीत होतीच. नाही असं नाही. पण त्या दिवशी ती रीत सोयीची होती हे दोघांनाही ठाऊक होतं. भर दुपारी, सगळे जेवून पडलेले असताना, बहीणभावाने ते चार तुकडे होडीत घातले आणि खाडीच्या तोंडाशी सोडून दिले. अनंताने उघड्या खांबाला नवा शेंदूर लावला आणि पायघोळ वस्त्र नेसवलं. दुसऱ्या दिवशी दर्शनाला आलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना म्हणाल्या, "देशाच्या काळजीन देव वाळलो गे." हेमांगी तिथे उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती विश्राम मास्तरांकडे गेली, ती सांगून टाकायचं ठरवूनच. मास्तरांनी तिला सातवीपर्यंत गणित शिकवलं होतं. अध्यक्ष झाले तरी शाळेच्याच एका खोलीत ते कचेरी चालवत. तिला बघून ते उठले आणि टेबलावरचा एक कागद त्यांनी पुढे केला.

"वाच. मान्यतेच्या दिवशीचं माझं भाषण. व्याकरण तपास, विचार तपासू नकोस, वय झालंय." ते हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "हेमांगी, तुला सांगतो. अकरा महिने मी रोज सकाळी या खुर्चीवर बसतो आणि मला वाटतं, आपण पोरांचा खेळ मांडलाय. खोटा देश, खोटा अध्यक्ष. तुझा आकडा आला त्या दिवशी पहिल्यांदा मला झोप लागली."

"मास्तर, आकड्यात थोडी चूक असू शकते."

"शंभरावर अठरा आहेत की. थोडी चूक चालेल."

तिने पुढे बोलायला तोंड उघडलं. मास्तर भाषणाचा कागद हातात धरून तिच्याकडे बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की तिला तिथे उभं राहवेना. तिने व्याकरण तपासलं. एक वेलांटी सुधारली आणि घरी आली. त्या क्षणी आपण भित्र्या आहोत हे तिला स्वच्छ कळलं, आणि कळूनही ती परत फिरली नाही.

सह्यांच्या दिवशी एलियास आपल्या मंत्र्यांबरोबर आला. मंत्रिमंडळात पाचखडकाच्या बाजूने भांडायला तोच उभा राहिला होता, तेही तिच्या आकड्याच्या जोरावर. पेन उघडून तो थांबला.

"हेमांगी, शेवटचं विचारतो. अहवालात काही बदल?"

हेमांगीला ती आडवी रेघ आठवली. सव्वीस दिवस आठवले. मग पाणखडक आठवलं, पाचांतलं सगळ्यात सखल बेट, तिथल्या घरांत आत्ताच मोठ्या भरतीचं पाणी चुलीपर्यंत येतं. दोन्ही एकदमच आठवलं, आणि तिने हव्या त्या आठवणीला हात घातला.

"काही नाही," ती म्हणाली.

एलियासने सही केली. तिनेही केली. बाहेर ढोल वाजायला लागले. तोरेमाच्या मंत्र्यांनी पाचखडकाचा झेंडा दोन्ही हातांनी वर ओढला, मास्तर भाषणात तिसऱ्याच वाक्याला रडले आणि हेमांगीलाही हुंदका फुटला. लोकांना वाटलं आनंदाचा. थोडा आनंदाचा होताही, तीच तर लाज होती.

रुक्मा सारंग ही हेमांगीची बालमैत्रीण, पाणखडकावर राहायची. मासे वाळवायचा धंदा, नवरा समुद्रात बुडालेला, एकोणीस वर्षांची एक मुलगी, निमा. स्थलांतराच्या यादीत रुक्माचं नाव चौदावं होतं. मान्यतेच्या दुसऱ्याच दिवशी ती हेमांगीकडे पेढे घेऊन आली.

"नाव काढून टाकलंय मी," ती म्हणाली. "तुया एकशे अठरा म्हटलंस मगे तोरेमाक जाऊन कोणाची भांडी घासूची? आता जुन्या घराच्याच जाग्यार पक्क्या घर बांधतंय. सगळे माकाच इचारतत, गो, की हेमा काय म्हणता. मी सांगलंय, हेमान मापलां म्हणजे मापलां."

हेमांगीने पेढा तोंडात घातला.

त्यानंतरचे अठ्ठावीस दिवस ती रोज ठरवत होती. आज एलियासला लिहू. आज रुक्माला सांगू. रोज कुणीतरी यादीतून नाव काढल्याची बातमी यायची. दुसऱ्या देशाने मान्यता दिली, तिसऱ्याने दिली. बोलावं तर झेंडा खाली येणार, मास्तर खाली येणार, एलियासची नोकरी जाणार. न बोलावं तर बोट रिकामी जाणार. तिने न बोलण्याचं ठरवलं असंही नाही. ती फक्त उद्यावर ढकलत राहिली.

तिसाव्या दिवशी सकाळी बोट आली. धक्क्यावर बघ्यांचीच गर्दी जास्त होती. सहाशे बारांपैकी नऊ माणसं चढली, त्यांतली चार म्हातारी आणि त्यांना आधीपासून तोरेमात राहणाऱ्या लेकांकडे जायचं होतं. उरलेल्यांनी त्यांना हात हलवून निरोप दिला, थोडी चेष्टाही केली. बारा वाजता बोट सुटली. हेमांगी ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आता तिला बोलायचं धैर्य आलंय.

तशीच ती होडीने पाणखडकावर गेली. रुक्मा नव्या घराचा पाया खणून घेत होती. निमा शिंपल्यांचा चुना चाळत होती. हेमांगीने रुक्माला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. शेंदूर, सतरा सेंटीमीटर, कवच समुद्रात सोडलं ते, सही. काही राखून ठेवलं नाही.

रुक्माने विचारलं, "मगे खरी किती वर्सां?"

"एकेचाळीस. पण ती पाचही बेटांची मिळून. पाणखडक सगळ्यात खाली. इथे पंधरा. फार तर अठरा."

रुक्माने निमाकडे पाहिलं. पोरगी चाळण आपटत कुठलं तरी गाणं गुणगुणत होती.

"काल कित्याक नाय सांगलंस?"

या प्रश्नाला शंभर उत्तरं देता आली असती. तीस वर्षांचं शिक्षण त्याच कामाला येतं. हेमांगीने खरं दिलं.

"काल बोट होती म्हणून."

"मगे आज कित्याक सांगतंस? तुजा मन हलक्या होऊक?"

"हो."

"झालां हलक्या?"

"नाही."

रुक्मा पायाच्या खड्ड्याकडे बघत उभी राहिली. हेमांगीला वाटलं ती आता शिव्या देईल, निदान रडेल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू माका इचारलां असतंस," रुक्मा म्हणाली, "तर कदाचित मी म्हटलां असतां, करून टाक सही. देश होऊ दे, पंधरा वर्सां तर पंधरा वर्सां. पण तू इचारलंच नाय. आमचा मरण-जगणा तू आणि अनंतान देवळाचा दार लावन ठरवलास."

"आता कुणाला कळलं तर मान्यता जाईल, रुक्मा. सगळं जाईल."

"जायत नायतर ऱ्हवात. ता सगळी मिळान ठरवतली. एक बोट इली, मान्यता गेली तर दुसरी येतली." तिने पदराला हात पुसले आणि हेमांगीचं मनगट धरलं, शाळेत असताना धरायची तसंच घट्ट. "चल. शाळेची घंटा मी वाजयतंय. बोलाचा तू."

"मला एक दिवस दे. मास्तरांना आधी—"

"दिवस तुका तीस होते."

होडीत दोघी समोरासमोर बसल्या. मोठ्या बेटावर पोचल्यावर रुक्मा सरळ शाळेच्या अंगणात गेली आणि तिने घंटेचा दोर ओढला. अवेळी घंटा झाली की सगळ्यांनी यायचं, हा बेटाचा जुना शिरस्ता होता. वादळाला वाजायची, कुणी बुडालं तर वाजायची. पण या महिन्यात ती तीनदा वाजली होती आणि तिन्ही वेळा कुठल्या ना कुठल्या देशाच्या मान्यतेची बातमी होती. त्यामुळे माणसं घाबरून नव्हे, हसत आली. बायका हातातलं काम टाकून आल्या, कुणीतरी ढोलवाल्याला हाक मारली, अनंता देवळाच्या पायऱ्या उतरून धावत आला आणि बहिणीचा चेहरा पाहून जागीच थांबला. विश्राम मास्तर खोलीतून बाहेर आले, कोटाची बटणं लावत.

"कुठला देश ग?" त्यांनी लांबूनच विचारलं.

रुक्माने मनगट सोडलं. हेमांगी ओट्यावर चढली. तिने अजून तोंड उघडलं नव्हतं, तोवर पुढच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि बघता बघता सगळं अंगण टाळ्या वाजवायला लागलं.